वाचकांचे प्रश्न : प्रथिन-स्फटिकांतील छद्मसममिती

मागील अंकात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांची रचना कशी उकलतात, याविषयीच्या लेखात ‘स्थानांतरी छद्मसममिती’चा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिला प्रश्न सर्वसाधारण वाचकाचा आहे, पुढचे चार प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे आहेत.

प्रश्न : स्फटिकात सममिती असते किंवा नसते, असे आम्ही शिकलो आणि शिकवलेही. मग ही ‘छद्म’ सममिती म्हणजे नेमके काय?
– एक विज्ञानशिक्षक

उत्तर : स्फटिक म्हणजे एकाच युनिट सेलची तिन्ही दिशांना झालेली पुनरावृत्ती. त्या सेलमध्ये प्रथिनाचे दोन रेणू आहेत, दोघांची तोंडे एकाच दिशेला आहेत आणि पहिला रेणू सेलच्या बरोबर निम्म्या लांबीने सरकवला की तो दुसऱ्यावर जाऊन बसतो, असे समजा. तो तंतोतंत बसत असेल, तर आपण सेलच चुकीची निवडली असे होईल, कारण खरी सेल निम्म्या लांबीची ठरेल. परंतु दुसरा रेणू दोन-तीन अंशांनी वळलेला असेल किंवा त्याच्या साखळीतला एखादा लूप (वळसा) वेगळ्या बाजूला झुकलेला असेल, तर ती सममिती खरी उरत नाही आणि पूर्णपणे नाहीशीही होत नाही. या अवस्थेला छद्मसममिती म्हणतात. कधी स्फटिक वाढतानाच ती निर्माण होते, तर कधी स्फटिक द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवताना रेणू किंचित हलतात आणि आधीची खरी सममिती मोडून तिची छाया तेवढी मागे राहते.

मापनात ती कशी दिसते, हे समजणे पुढच्या सर्व उत्तरांसाठी आवश्यक आहे. दोन रेणूंमधले अंतर सेलच्या ‘ए’ बाजूच्या निम्मे असेल, तर ज्या परावर्तनांचा (स्फटिकातून आलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांचा) ‘एच’ निर्देशांक, म्हणजे ‘ए’ दिशेतला क्रमांक, सम आहे, त्यांच्यासाठी दोन्ही रेणूंकडून येणाऱ्या लहरी एकमेकींत मिळतात आणि ठिपका सबळ होतो. ‘एच’ विषम असेल, तर त्याच लहरी एकमेकींना पुसून टाकतात. दोन्ही रेणू हुबेहूब सारखे असते, तर विषम ठिपके उरलेच नसते. म्हणजे दुबळ्या ठिपक्यात जे काही उरते, ते निव्वळ दोन रेणूंमधल्या फरकामुळे उरते. या विषयात काम करताना मी सर्वांत जास्त जपते ती हीच गोष्ट, आणि खालच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेवटी तिच्यापाशीच येते.

प्रश्न : माझ्या स्फटिकाचा स्पेस ग्रुप (सममितीचा प्रकार) पी टू वन असून मापने २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आहेत. पॅटरसन नकाशात (०.५, ०, ०) येथे मूळबिंदूच्या ५८ टक्के उंचीचे शिखर आहे. मॉलिक्युलर रिप्लेसमेंटमध्ये (माहीत असलेल्या सारख्या रेणूच्या मॉडेलवरून रचना शोधण्याच्या पद्धतीत) दोन्ही रेणू चांगल्या गुणांकाने बसले, पण आर-फ्री (राखून ठेवलेल्या परावर्तनांशी मॉडेल किती विसंगत आहे, तो आकडा) ३८ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. तीन महिने मी साखळ्या दुरुस्त करीत आहे. चूक कोठे असावी?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून चूक साखळ्यांत नसून उगमात, म्हणजे सममिती-अक्षाच्या जागेत असावी, असे मला वाटते.

पॅटरसन नकाशासाठी फेज, म्हणजे मापनात थेट न मिळणारी लहरींची कला, लागत नाही. १९३४ साली आर्थर लिंडो पॅटरसन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे तो केवळ तीव्रतांवरून काढता येतो आणि त्यात अणूंमधल्या अंतरांची नोंद असते. मूळबिंदूपासून साधारण १५ अँगस्ट्रॉमपेक्षा दूर असलेले आणि मूळबिंदूच्या २० टक्क्यांहून उंच असलेले शिखर दिसले की स्थानांतरी छद्मसममितीचा संशय घ्यावा, असा आमच्यात प्रघात आहे. दूरचे शिखर पाहायचे, कारण लांब सर्पिले (प्रथिन-साखळीची मळसूत्री वळणे) किंवा डीएनएच्या एकावर एक रचलेल्या जोड्या यांचीही स्वतःची नियमित अंतरे असतात आणि त्यांची शिखरे मूळबिंदूच्या जवळच उमटतात. तुमचे ५८ टक्क्यांचे शिखर मात्र निःसंदिग्ध आहे.

आता अक्षाकडे पाहू. पी टू वनमध्ये ‘बी’ दिशेला समांतर असे स्क्रू अक्ष (ज्यांभोवती अर्धा फेरा वळून अर्धी सेल सरकले की रचना स्वतःवरच बसते) असतात, एक ‘एक्स’ शून्याच्या जागी आणि दुसरा अर्ध्यावर. तुमच्या स्फटिकात या खऱ्या अक्षाच्या जोडीला अर्ध्या ‘ए’चे जवळजवळ खरे स्थानांतर आहे. ही दोन्ही एकापाठोपाठ एक लावून पाहा. ‘एक्स’ पाव आणि पाऊण या जागीही स्क्रू अक्ष तयार होतात, पण ते छद्म अक्ष आहेत. निम्म्या सेलच्या दृष्टीने हे चारही अक्ष सारख्याच योग्यतेचे असतात. सबळ परावर्तने ही त्या निम्म्या, सरासरी सेलचीच परावर्तने असल्यामुळे तुमचा मॉडेल खऱ्या अक्षाभोवती रचला असो वा छद्म अक्षाभोवती, सबळ ठिपके तितक्याच समाधानाने जुळतात. प्रोग्रामचा गुणांक मुख्यतः त्यांच्यावरच उभा राहतो, म्हणून तो दोन्ही ठिकाणी चांगला येतो. यात स्पेस ग्रुपचे नाव बदलत नाही, लुप्त परावर्तनांचा (सममितीमुळे ठरावीक ठिपके नाहीसे होण्याचा) नियमही मोडत नाही, आणि त्यामुळेच ही चूक इतके दिवस डोळ्यांआड राहते.

तपासणी सोपी आहे. आर-फ्री एकत्र न पाहता ‘एच’ सम आणि ‘एच’ विषम असे दोन गट करून पाहा. सम गटात तो २६-२७ टक्क्यांवर आणि विषम गटात ५० टक्क्यांच्या वर आला, तर निदान जवळजवळ पक्के झाले, असे समजण्यास हरकत नाही. तुलनेसाठी लक्षात ठेवा की केंद्रसममिती नसलेल्या स्फटिकात अणू अगदी यादृच्छिक विखुरले, तरी आर, म्हणजे मॉडेल व मापने यांच्यातल्या विसंगतीचा आकडा, सुमारे ५९ टक्के येतो. मग संपूर्ण मॉडेल ‘ए’ दिशेने पाव सेल सरकवा आणि पहिल्या व सरकवलेल्या अशा दोन्ही मॉडेलांचे रिफाइनमेंट (मॉडेल मापनांशी जुळवत नेणे) अगदी सारख्या पद्धतीने करा. ज्यात विषम गट खाली येईल, तो उगम खरा.

याहून भक्कम मार्ग असा की सर्व सममिती काढून टाकून रचना पी वनमध्ये न्यावी, तेथे सगळे रेणू एकमेकांपासून स्वतंत्र ठेवून रिफाइन करावेत आणि मग कोणती सममिती टिकते, हे एकेक पाहावे. ‘झानुडा’ हा प्रोग्राम हेच काम शिस्तीने करतो. पी वनमध्ये जाताना आर-फ्रीसाठी राखून ठेवलेली परावर्तने मात्र नव्याने निवडू नका. मूळ निवड सममितीने विस्तारून घ्या, नाहीतर एकाच परावर्तनाचे एक रूप रिफाइनमेंटमध्ये आणि दुसरे परीक्षेत बसते आणि आर-फ्रीचा आकडा खोटी आशा दाखवू लागतो.

तुमचे शिखर (०.५, ०.५, ०) येथे असते, तर अडचण वेगळी झाली असती. त्या स्थानांतरात स्क्रू अक्षाची सरक मिसळली की छद्म अक्ष साधा दुहेरी अक्ष होतो, आणि शून्य-के-शून्य या रांगेतली विषम परावर्तने स्क्रू अक्षामुळे नाहीत की छद्मसममितीमुळे, हे तीव्रतांवरून सांगता येत नाही. अशा वेळी पी टू आणि पी टू वन ही दोन्ही नावे शेवटपर्यंत खुली ठेवून दोहोंत रचना उकलून पाहावी लागते.

तुमच्या तीन महिन्यांविषयी वाचून मला माझे स्वतःचे काम आठवले. याच प्रकारच्या एका स्फटिकात मी जवळजवळ पाच महिने एक लूप बांधत होते. नकाशात त्या जागी घनतेचे दोन तुटक तुकडे दिसत आणि मी लूप लवचीक आहे, असे समजत होते. मॉडेल पाव सेल सरकवून नवा नकाशा काढला, तेव्हा ते दोन तुकडे जोडले गेले आणि त्यात एका फिनाइलअलानिनचे सहा कार्बनांचे कडे चपटे, स्पष्ट उभे राहिले. ते अमिनो आम्ल माझ्या मॉडेलमध्ये आधीपासून होते, फक्त ते भलत्याच अक्षाभोवती फिरवून ठेवले होते. म्हणून साखळ्यांची दुरुस्ती आज थांबवा आणि आधी अक्ष तपासा.

प्रश्न : दुबळी परावर्तने इतकी क्षीण असतील, तर निम्मी सेल घेऊन सरासरी रचना उकलणे व्यवहार्य ठरणार नाही का?
– एका प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

उत्तर : काही वेळा पहिली पायरी म्हणून ते व्यवहार्य ठरते. फेज मिळवण्यासाठी निम्म्या सेलमधली सरासरी रचना उपयोगी पडते, हे मी नाकारणार नाही. पण तिथेच थांबणे मला मान्य नाही. सरासरी रचनेत दोन रेणू एकमेकांवर छापले जातात, आणि जिथे ते वेगळे आहेत, नेमकी तिथलीच घनता धूसर होते. एका रेणूत औषधाचा रेणू बांधलेला आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती असेल, तर निम्मी सेल तुम्हाला ‘अर्धवट भरलेली जागा’ असे उत्तर देईल, आणि ते उत्तर चुकीचे असूनही आकड्यांत पटण्यासारखे दिसेल.

खरी काळजी अशी आहे की पुष्कळदा हा निर्णय माणूस घेतच नाही, तो न कळत घेतला जातो. निर्देशांकन करणारा, म्हणजे ठिपक्यांना क्रमांक देणारा, प्रोग्राम आधी सबळ ठिपके शोधतो, त्यांच्यावरून जाळी बसवतो आणि छोटी सेल हाती देतो. दुबळे ठिपके प्रतिमेत असतात, पण त्यांच्या जागी मोजायला कोणी जात नाही. म्हणून प्रत्येक नव्या स्फटिकाच्या दोन-चार प्रतिमा मोठ्या करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. अंदाजित ठिपक्यांच्या दोन रांगांमध्ये फिकट ठिपक्यांची आणखी एक रांग दिसते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ती दिसली, तर एक्सपोजर वाढवा, मोठी सेल देऊन पुन्हा मापन करा, आणि क्षीण आहेत या कारणासाठी ती परावर्तने गाळू नका.

‘दुबळी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. स्थानांतर बरोबर अर्धे नसून ०.४८ असेल, तर काय होते, ते हिशेबाने पाहू. सरासरी तीव्रता २ धरली, तर दोन सारख्या रेणूंसाठी तीव्रतेचा गुणक म्हणजे ‘पाय गुणिले एच गुणिले ०.४८’ या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाची चौपट. ‘एच’ १ असताना तो ०.०२ च्याही खाली राहतो, म्हणजे ठिपका जवळजवळ नाहीच. ‘एच’ ५ असताना ०.३८ होतो. ‘एच’ १२ आणि १३ या दोन्हींना तो सारखाच, सुमारे २.१ येतो, म्हणजे सम-विषम हा भेदच मिटतो. आणि ‘एच’ २५ असताना तो पूर्ण ४ होतो, तर शेजारचा २४ जवळजवळ शून्यावर जातो. सेलची ‘ए’ बाजू १०० अँगस्ट्रॉम असेल, तर हा पालट ४ अँगस्ट्रॉमपाशीच घडतो. सम म्हणजे सबळ, हा सोपा नियम अशा स्फटिकात फसतो.

त्यात रेणूंच्या वळणाची भर पडते. रेणूच्या केंद्रापासून २० अँगस्ट्रॉम दूर असलेला अणू ३ अंशांच्या वळणाने सुमारे १ अँगस्ट्रॉम सरकतो. विभेदन (तपशिलाची सूक्ष्मता) उंचावत जाते, तसे हे सरकणे लहरींची जुळणी बिघडवू लागते आणि सबळ-दुबळ हा फरक हळूहळू फिका होतो. सम आणि विषम गटांची तीव्रता वेगवेगळी प्रमाणित करण्याची जुनी रीत म्हणूनच ओबडधोबड ठरते. ‘फेझर’ या प्रोग्राममध्ये स्थानांतराची दिशा, लांबी आणि रेणूंमधले छोटे वळण एकत्र जुळवून प्रत्येक परावर्तनाची अपेक्षित तीव्रता स्वतंत्रपणे काढली जाते. या पद्धतीचे सांख्यिकी विवेचन रीड, अ‍ॅडम्स आणि मॅकॉय यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. तिचा फायदा शोधाच्या पायरीवरच दिसतो. दोन्ही रेणूंची दिशा जवळजवळ एकच असल्यामुळे फिरवणीच्या शोधात दोघांचे मिळून एकच शिखर येते, म्हणून पुढे त्यांना सुटे न शोधता जोडीने बसवावे लागते. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीतील ‘हायप-१’ या प्रथिनाच्या एका स्फटिकात सात वेळा पुनरावृत्त होणारे स्थानांतर होते आणि स्वतंत्र रेणू तब्बल २८ होते. तीही रचना मॉलिक्युलर रिप्लेसमेंटने उकलली गेली.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पॅटरसन नकाशातले प्रत्येक मोठे शिखर छद्मसममितीचेच असते, असे नाही. स्फटिकाचे थर मध्येच ठरावीक अंतराने घसरलेले असतील, तरीही तसेच शिखर येते. अशा वेळी ठिपक्यांच्या काही रांगा नेटक्या, तर काही रांगा लांबट ओघळलेल्या दिसतात, आणि शिखराने सुचवलेल्या जागी दुसरा रेणू ठेवला की तो पहिल्यात घुसतो. तिथे दुसरा रेणू शोधायचा नसतो, घसरणीमुळे तीव्रतेत झालेला बदल आधी दुरुस्त करायचा असतो.

प्रश्न : आमच्या मापनांत तीव्रतांचा दुसरा आघूर्ण (वर्गांची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग) २.० आला, म्हणून आम्ही ट्विनिंग (वेगवेगळ्या दिशांना वाढलेले स्फटिकाचे भाग एकत्र असून त्यांचे ठिपके एकमेकांवर पडणे) नाही असे ठरवले. पॅटरसन नकाशात मात्र मोठे शिखर आहे. हा निष्कर्ष ग्राह्य धरावा का?
– एक पोस्टडॉक्टरल संशोधक

उत्तर : धरू नये. विल्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या वितरणानुसार केंद्रसममिती नसलेल्या साध्या स्फटिकात हा आकडा २.० येतो, आणि ट्विनिंग पूर्ण असेल, तर १.५ येतो. ट्विनिंग तीव्रतांना एकमेकींच्या जवळ आणते, छद्मसममिती त्यांना दूर फाकवते. दोन रेणू अगदी सारखे असतील, तर निम्मी परावर्तने शून्य होऊन हाच आकडा ४ पर्यंत चढतो. आता समजा की सबळ गटाची सरासरी दुबळ्या गटाच्या पावणेचार पट आहे आणि ट्विनिंगमध्ये सबळ सबळाशी, दुबळे दुबळ्याशीच मिसळते. या प्रमाणातल्या छद्मसममितीने आकडा सुमारे १.३३ पट होतो, आणि १.५ ला १.३३ ने गुणले की पुन्हा २.० येतात. म्हणजे पूर्ण ट्विन झालेला स्फटिक तुमच्यासमोर निर्दोष म्हणून उभा राहू शकतो.

अशा वेळी २००३ साली पडिला आणि यीट्स यांनी मांडलेल्या एल-परीक्षेवर अधिक भिस्त ठेवावी. तीत एकमेकांच्या जवळच्या परावर्तनांचीच तुलना होते; एल म्हणजे अशा दोन तीव्रतांचा फरक भागिले त्यांची बेरीज. निर्देशांकांतला फरक सम ठेवला, तर सबळाची तुलना सबळाशी होते आणि छद्मसममितीचा परिणाम बराचसा बाजूला राहतो. ट्विनिंग नसेल, तर एलच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी ०.५ येते आणि पूर्ण ट्विनिंगमध्ये ०.३७५ येते. स्थानांतर एक-तृतीयांश असेल, तर फरक तीनच्या पटीत ठेवावा. मापने तपासणाऱ्या ‘एक्सट्रायेज’ या प्रोग्रामचा अहवाल वाचताना पॅटरसनचा भाग आधी पाहावा आणि ट्विनिंगचा नंतर, कारण दुसऱ्याचा अर्थ पहिल्यावर अवलंबून असतो.

प्रश्न : आमची २.३ अँगस्ट्रॉमची रचना आर-फ्री २९ टक्क्यांवर थांबली. अक्ष, उगम, ट्विनिंग हे सर्व तपासून झाले आहे. परीक्षक म्हणतात, आकडा जास्त आहे. काय उत्तर द्यावे?
– एक प्राध्यापक

उत्तर : परीक्षकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. क्षीण तीव्रतेच्या मोजणीत सापेक्ष त्रुटी मोठी असते, आणि तुमच्या संचात अशी परावर्तने फार आहेत, म्हणून मॉडेल बरोबर असूनही एकूण आर चढा राहतो. पण हे नुसते विधान करून भागणार नाही, कारण चुकीच्या उगमात अडकलेला लेखकही हेच विधान करील. तेव्हा सबळ आणि दुबळ्या परावर्तनांचे आर वेगवेगळे काढून, विभेदनाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी तक्ता द्या. प्रत्येक गटात तीव्रता तिच्या त्रुटीच्या किती पट आहे, हेही शेजारी लिहा. दुबळ्या गटाचा आर त्याच्या मापनाच्या दर्जाबरोबर वरखाली होत असेल, तर तुमचे म्हणणे सिद्ध होते. मापन चांगले असूनही तो चढाच असेल, तर परीक्षकांचा संशय खरा मानून पुन्हा अक्षाकडे वळायला हवे.

लेखात स्थानांतराचा सदिश, पॅटरसन शिखराची उंची, रेणूंमधले वळण आणि कोणकोणते स्पेस ग्रुप व उगम तपासून नाकारले, हे नमूद करा. शक्य असेल, तर मूळ प्रतिमाही जतन करून उपलब्ध ठेवा. एकदा छोट्या सेलमध्ये मोजलेल्या तीव्रतांच्या फाइलमधून न मोजलेले ठिपके कोणालाही परत मिळवता येत नाहीत, मूळ प्रतिमांतून मात्र ते पुन्हा मोजता येतात.